मॅकवरून पाठवलेल्या झिपमध्ये डबल फाइली आणि "करप्ट" फोटो : दरवेळी परत येणारा प्रॉब्लेम आणि त्याचा पक्का इलाज

सप्टेंबर लागला की आमच्याकडे दिवाळी अंकांची घाई सुरू होते. मी घरून मॅकवर इनडिझाइनमध्ये पानं लावते आणि प्रेसमध्ये सगळी मशिनं विंडोजची, त्यामुळे शेवटी अख्खं पॅकेज झिप करून ड्राइव्हवर टाकायचं आणि लिंक पाठवायची असा आमचा वर्षानुवर्षांचा रिवाज. तर मागच्या सीझनला रात्री साडेनऊला प्रेसमधल्या ऑपरेटर दादांचा फोन आला, "मॅडम, तुमच्या झिपमधला एकही फोटो उघडत नाहीये, सगळे एक-एक केबीचे आलेत, आणि फॉन्ट टाकायला गेलो तर ही फॉन्टची फाइलच नाही म्हणून सांगतंय." मी म्हटलं अपलोड अर्धवट झालं असेल, परत झिप केली, परत सव्वा जीबी चढवली, पाऊण तास गेला, परत फोन, तेच. तिसऱ्यांदा केली तरी तेच. आणि माझ्याकडे तीच झिप उघडली की सगळं स्वच्छ, एकन् एक फोटो जागेवर.

शेवटी मी म्हटलं दादा, स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाका. तो फोटो बघितल्यावर उलगडा झाला. झिप सोडवल्यावर त्यांच्याकडे दोन फोल्डर तयार झाले होते, एक माझा अंकाचा आणि त्याच्या वर, यादीत पहिलाच, __मॅकओएसएक्स नावाचा (ही नावं इथे मराठीत लिहितेय, पडद्यावर ती इंग्रजीत असतात). नावाच्या सुरुवातीला दोन अंडरस्कोर असल्यामुळे तो विंडोजच्या यादीत वर जाऊन बसतो. दादांनी साहजिकच पहिला फोल्डर उघडला, त्याच्या आत परत अंकाचंच नाव असलेला फोल्डर, आत लिंक्स नावाचा फोल्डर, त्यात सगळ्या फोटोंची ओळखीची नावं, फक्त प्रत्येक नावाच्या आधी एक टिंब आणि एक अंडरस्कोर. म्हणजे मुखपृष्ठाचा फोटो असेल तर ._मुखपृष्ठ.जेपीजी. एक्स्टेन्शन जेपीजीच, त्यामुळे चित्रासारखा आयकॉन पण येतो, डबल क्लिक केलं की उघडत नाही. समोरच्या माणसाने याला करप्ट म्हणू नये तर काय म्हणावं!

हे मी एवढं सविस्तर सांगतेय कारण हा प्रॉब्लेम ज्याच्यामुळे होतो त्याला तो कधीच दिसत नाही. पाठवणारा मॅकवर असतो, मॅकवर झिप सोडवली की या सगळ्या टिंब-अंडरस्कोरवाल्या फाइली गुपचूप मूळ फाइलीत परत मिसळून जातात आणि तो फोल्डर तुमच्यासमोर येतच नाही. म्हणून "माझ्याकडे तर नीट उघडतेय" हे वाक्य या बाबतीत काहीच सिद्ध करत नाही. झिप मॅकवर सोडवून तपासायची नाही, न सोडवता आतली यादी बघायची. ते कसं ते खाली येईलच.

आधी या फाइली आहेत काय ते समजून घेऊ, कारण तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक तिन्हीला एकच समजून चुकीच्या जागी उपाय करत बसतात, मीही आधी तेच केलं.

पहिली, .डीएस_स्टोअर. ही फाइंडर, म्हणजे मॅकवर फाइली-फोल्डर दाखवणारा प्रोग्राम, तयार करतो. फोल्डर उघडला, आयकॉन इकडचा तिकडे केला, लिस्ट व्ह्यू लावला, की त्या फोल्डरचं दिसणं कसं होतं ते लक्षात ठेवायला फाइंडर ही फाइल त्याच फोल्डरमध्ये टाकून ठेवतो. नाव टिंबाने सुरू होतं म्हणून ती लपलेली असते. फाइंडरमध्ये कमांड, शिफ्ट आणि टिंब ही तीन बटणं एकत्र दाबा, लपलेल्या फाइली पुसट रंगात दिसायला लागतील, परत दाबली की परत गायब.

दुसरी, तो __मॅकओएसएक्स फोल्डर. हा तुमच्या डिस्कवर सहसा कुठेही नसतो, शोधायला गेलात तर सापडणार नाही. तो जन्माला येतो तो फाइंडरमध्ये राइट क्लिक करून कॉम्प्रेस म्हटल्यावरच, थेट झिपच्या आत. मॅकवर प्रत्येक फाइलीबरोबर जास्तीची माहिती चिकटलेली असू शकते, म्हणजे फाइल कुठल्या वेबसाइटवरून उतरवली, तिला लाल-हिरवा टॅग लावलाय का, इंटरनेटवरून आलीय म्हणून उघडताना इशारा द्यायचा का, असलं सगळं. साध्या झिपमध्ये या माहितीला जागा नाही, म्हणून मॅक अशा प्रत्येक फाइलीमागे एक जोडफाइल बनवतो आणि सगळ्या जोडफाइली त्या एका फोल्डरात कोंबतो. या जोडफाइलीच्या रचनेला ॲपलडबल म्हणतात आणि ती काही आजची नाही, मेलमधून मॅकच्या फाइली कशा पाठवायच्या याचं १९९४ सालचं जे आरएफसी १७४० नावाचं इंटरनेटच्या नियमांचं कागदपत्र आहे त्यातसुद्धा ती दिलेली आहे.

दादांना मी त्यातली एक फाइल नोटपॅडमध्ये उघडायला सांगितली. वेड्यावाकड्या चौकोनांच्या मधे स्पष्ट वाचता येत होतं, मॅक ओएस एक्स, आणि थोडं पुढे गेल्यावर क्वारंटाइन हा शब्द, म्हणजे तीच इंटरनेटवरून आल्याची खूण. फोटोचा त्यात एक ठिपकासुद्धा नव्हता. तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली की फोटो बिघडलेला नाही, ही फाइल मुळात फोटोच नाही.

आणि एक गंमतीची गोष्ट, सगळ्या फाइलींना जोडीदार असतोच असं नाही. ज्यांना अशी माहिती चिकटलेली असते त्यांनाच असतो. लेखकांनी मेलवर पाठवलेले फोटो ब्राउझरमधून उतरवलेले असतात, त्यांना हमखास असतो. मी स्वतः स्कॅन केलेल्या बऱ्याच जुन्या फोटोंना नव्हता. म्हणूनच हा त्रास कधी होतो, कधी होत नाही, कधी अर्ध्याच फाइलींना होतो आणि नेमकं कारण सापडत नाही. कधी कधी तर फाइल नुसती उघडून बघितली तरी शेवटची कधी उघडली याची नोंद तिला चिकटते आणि पुढच्या झिपमध्ये तिलाही जोडीदार येतो.

तिसरा प्रकार पेनड्राइव्हवाल्यांचा. पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा फॅट असेल, म्हणजे विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालणारा, तर ही जास्तीची माहिती ठेवायला त्या डिस्कवर सोय नसते, मग मॅक त्याच ._ नावाच्या फाइली खरोखर डिस्कवर, मूळ फाइलीच्या शेजारीच लिहून ठेवतो, बहुतेक वेळा प्रत्येकी चार केबीच्या. इथे वेगळा फोल्डर नसतो, शेजारी शेजारी. मॅकवर लपलेल्या राहतात, विंडोजवर समोर दिसतात, आणि नव्वद फोटोंचा फोल्डर एकशे ऐंशीचा होतो. अशा पेनड्राइव्हवरचा फोल्डर झिप केला तर या फाइली खऱ्याखुऱ्या फाइली म्हणून झिपमध्ये जातात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता लोक सहसा काय करतात आणि ते का टिकत नाही ते बघू. नेटवर सगळीकडे सांगतात की टर्मिनलमध्ये, म्हणजे मॅकच्या कमांड टाइप करायच्या खिडकीत, फाइंड कमांड चालवून सगळ्या .डीएस_स्टोअर उडवा. उडवल्या. मग माणूस काय करतो, खात्री करायला फोल्डर फाइंडरमध्ये उघडतो. उघडला, थोडं इकडेतिकडे केलं, की फाइंडरने फाइल परत लिहिली. त्यावर राइट क्लिक, कॉम्प्रेस, आणि फाइल परत झिपमध्ये. मी दोन वर्षं हेच करत होते आणि मला वाटायचं की डिलीटच नीट होत नाहीये. शिवाय __मॅकओएसएक्स तर डिस्कवर नसतोच, तो डिलीट करून करणार काय. तर मुद्दा एवढाच की फोल्डर साफ करत बसण्यात अर्थ नाही, झिप करतानाच नको त्या फाइली वगळायच्या. फोल्डरमध्ये काय पडायचंय ते पडू दे.

खालची कमांड मी फोनवर सांगते तशीच अक्षर अक्षर सोडवून लिहितेय, टाइप अर्थात इंग्रजीतच करायचं. लहान आणि कॅपिटल अक्षर इथे वेगळं धरलं जातं, तेवढं सांभाळा.

टर्मिनल उघडा. सीडी टाइप करा, स्पेस द्या, आणि अंकाचा फोल्डर ज्या फोल्डरच्या आत आहे तो बाहेरचा फोल्डर फाइंडरमधून ओढून टर्मिनलच्या खिडकीत सोडा, पूर्ण पत्ता आपोआप येतो, एंटर. आता झिप, स्पेस, हायफन आणि लहान आर, स्पेस, हायफन आणि कॅपिटल एक्स, स्पेस, नव्या झिपचं नाव शेवटच्या डॉट झिपसकट, स्पेस, फोल्डरचं नाव, स्पेस, हायफन आणि लहान एक्स, स्पेस, आणि त्यानंतर वगळायच्या फाइलींचे पॅटर्न, एकेक सिंगल कोटमध्ये, मधे स्पेस देऊन. पहिला पॅटर्न '*.डीएस_स्टोअर', यात डी, एस आणि स्टोअरमधला पहिला एस कॅपिटल, बाकी अक्षरं लहान. दुसरा '*/._*'. तिसरा '*__मॅकओएसएक्स*', हा सगळाच कॅपिटल. एंटर. झालं.

यातला लहान आर म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांसकट घे. कॅपिटल एक्स म्हणजे फाइलीच्या मालकाचा नंबर वगैरे जास्तीच्या नोंदी टाकू नकोस. लहान एक्स म्हणजे हे वगळ, आणि हा शेवटीच लिहायचा कारण त्याच्यापुढे जे येईल ते सगळं तो वगळायच्या यादीत धरतो. टर्मिनलमधली झिप कमांड मुळात ती चिकटलेली माहिती वाचतच नाही, त्यामुळे __मॅकओएसएक्स फोल्डर ती स्वतःहून कधीच बनवत नाही. मग तिसरा पॅटर्न कशाला? तर दुसऱ्या कोणीतरी मॅकवर बनवलेली झिप विंडोजवर सोडवून तो फोल्डर पेनड्राइव्हमधून तुमच्याकडे आलेला असेल, तर तो खरा फोल्डर बनून आलेला असतो. माझ्याकडे एका लेखकाच्या फोटोंमध्ये असा निघाला होता. आणि दुसरा पॅटर्न पेनड्राइव्हवाल्या फाइलींसाठी, त्या टर्मिनलच्या झिपमध्येसुद्धा जातात कारण त्या खऱ्या फाइली आहेत.

सिंगल कोट विसरलात तर बहुतेक "नो मॅचेस फाउंड" असं म्हणून कमांड थांबेल. २०१९ च्या कॅटलिना या मॅकओएसच्या आवृत्तीपासून मॅकच्या टर्मिनलमध्ये कमांड वाचायला झीशेल असतं आणि ते कोटाशिवायची फुली बघितली की स्वतःच फाइली शोधायला जातं.

आता ती गोष्ट जिने मला सगळ्यात जास्त छळलं. कमांड बरोबर, पॅटर्न बरोबर, तरी झिपमध्ये .डीएस_स्टोअर. दोन दिवस डोकं फोडलं. कारण हे निघालं की झिप कमांडला त्याच नावाची जुनी झिप तिथे सापडली तर ती नवी बनवत नाही, जुनीच उघडून तिच्यात भर घालते. म्हणजे पहिल्यांदा फाइंडरने बनवलेली घाणेरडी झिप तिथे पडलेली होती, मी तेच नाव दिलं, त्यातला जुना कचरा तसाच राहिला आणि नव्या फाइली फक्त अपडेट झाल्या. मी जे वगळायला सांगितलं ते नव्याने घालायचं वगळलं गेलं, आधीचं काढलं गेलं नाही. म्हणून आधी जुनी झिप डिलीट करा किंवा प्रत्येक वेळी नवं नाव द्या. मी नावात तारीख टाकते.

आता तपासणी, आणि ही टाळायची नाही. अनझिप, स्पेस, हायफन आणि लहान एल, स्पेस, झिपचं नाव. याने काही सोडवलं जात नाही, फक्त आतल्या सगळ्या फाइलींची यादी, साइज आणि तारखेसकट, पडद्यावर येते आणि शेवटी एकूण आकडा. ही यादी खरी, विंडोजवाल्याला जे दिसणार तेच इथे दिसतं. माझ्या त्या रात्रीच्या झिपची यादी काढली तेव्हा फोटो होते, दोन एमबी, पाच एमबी, अकरा एमबी, आणि शिवाय तीच नावं परत, सुरुवातीला __मॅकओएसएक्स लागलेलं आणि साइज दोनशे-तीनशे बाइट. ते बघितल्यावर लक्षात आलं की आपण इतकी वर्षं प्रत्येकाला हे पाठवतोय. यादीतला एकूण आकडा फोल्डरमधल्या फाइलींशी जुळवताना एक लक्षात ठेवा, आतले फोल्डरसुद्धा त्यात एकेक नग म्हणून मोजले जातात.

झिप आधीच बनवून झालीय, दोन जीबीची आहे, परत बनवायला वेळ नाही, तर नुसता कचरा काढता येतो. झिप, स्पेस, हायफन आणि लहान डी, स्पेस, झिपचं नाव, स्पेस, आणि तेच तीन पॅटर्न सिंगल कोटमध्ये. डी म्हणजे डिलीट, झिपच्या आतून. यात चुकीचा पॅटर्न दिला तर खरी फाइल उडेल, म्हणून मूळ झिपची एक कॉपी बाजूला ठेवूनच करा.

प्रत्येक वेळी पॅटर्न टाइप करायचा कंटाळा येतो आणि घाईत एक तरी चुकतो, तर यादी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवायची. टेक्स्टएडिटमध्ये बनवत असाल तर आधी फॉरमॅट मेनूतून मेक प्लेन टेक्स्ट करा, नाहीतर तो भलतंच काही सेव्ह करतो. एका ओळीवर एक पॅटर्न, इथे कोट नकोत. मग कमांडमध्ये हायफन लहान एक्स लिहून, स्पेस न देता, लगेच @ हे चिन्ह आणि त्याला चिकटून यादीच्या फाइलचं नाव. ही फाइल मी अंकाच्या फोल्डरच्या बाहेर, जिथून झिप करते तिथेच ठेवते. माझ्या यादीत वरच्या तिन्हींशिवाय '*थम्ब्स.डीबी' आणि '*डेस्कटॉप.आयएनआय' आहेत, हे विंडोजच्या बाजूचे लपलेले पाहुणे, प्रेसमधून परत आलेल्या फोल्डरात हमखास असतात. शिवाय '*.आयडीएलके', म्हणजे इनडिझाइनची फाइल उघडी असताना बनणारी लॉक फाइल. आणि '*/~$*', म्हणजे वर्डची फाइल उघडी असताना शेजारी तयार होणारी छोटी फाइल, तिच्यात फाइल उघडणाऱ्याचं नाव असतं. डॉलरचं चिन्ह टर्मिनलमध्ये थेट लिहिताना भानगडी होतात, म्हणून ते यादीच्या फाइलमध्येच बरं.

इथे एक मोहात पडू नका. टिंबाने सुरू होणाऱ्या सगळ्याच फाइली एका फटक्यात वगळाव्यात असं वाटतं, '*/.*' लिहिलं की झालं. अंकाच्या फोल्डरला चालेल, वेबसाइटच्या फोल्डरला चालणार नाही. तिथे .एचटीॲक्सेस नावाची फाइल असते, तीही टिंबाचीच, आणि ती गेली की सर्व्हरवर साइटची आतली पानं सापडेनाशी होतात. माझ्या मावसभावाने त्याच्या क्लासच्या साइटचा बॅकअप असा घेतला होता आणि परत चढवल्यावर होमपेज सोडून एकही पान उघडेना, संध्याकाळभर आम्ही डेटाबेस तपासत बसलो आणि कारण निघालं हे. उलट बाजूने .ईएनव्ही आणि .गिट या टिंबवाल्या गोष्टी बाहेर जाता कामा नयेत, एकात पासवर्ड असू शकतात आणि दुसऱ्यात कामाचा सगळा इतिहास. म्हणून नाव घेऊन वगळा, सरसकट नको. कोड गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, असेल तर गिटची आर्काइव्ह कमांड वापरा, ती फक्त कमिट केलेल्या फाइलीच उचलते, बाकी पसाऱ्याकडे बघतही नाही, त्यापेक्षा स्वच्छ झिप मला तरी माहीत नाही.

टर्मिनल नकोच असं म्हणणाऱ्यांसाठी, माझ्या नवऱ्यासारख्या, केका नावाचं ॲप आहे. त्याच्या सेटिंगमध्ये मॅकचे रिसोर्स फोर्क, म्हणजे तीच चिकटलेली जास्तीची माहिती, वगळायचा पर्याय आहे, तो एकदा टिक करून ठेवला की फोल्डर ओढून त्याच्या खिडकीत टाकायचा, स्वच्छ झिप मिळते. तरी पहिल्यांदा यादी काढून खात्री करून घ्याच.

डिट्टो नावाची मॅकची स्वतःची कमांड काही जण सुचवतात. तिला रिसोर्स फोर्क घेऊ नकोस असं सांगता येतं, पण .डीएस_स्टोअर ती वगळत नाही, त्यामुळे आपल्या कामाला अर्धवटच. मात्र मॅकचं एखादं ॲप झिप करून दुसऱ्या मॅकला पाठवायचं असेल तर डिट्टो किंवा फाइंडरच वापरा, वरची पद्धत नको, कारण ॲपच्या आत शॉर्टकटसारख्या जोडण्या असतात आणि साध्या झिपमध्ये त्या मोडतात. तसंच मॅकवरून मॅकवर फोटो जाणार असतील आणि टॅग वगैरे टिकवायचे असतील तर फाइंडरची झिप उत्तमच आहे, ती माहिती जपायसाठीच तर तो सगळा खटाटोप असतो.

आणि आता फॉन्ट, कारण आमच्या धंद्यात हे फार महत्त्वाचं. इनडिझाइनचं पॅकेज केलं की डॉक्युमेंट फॉन्ट्स नावाचा फोल्डर बनतो. ट्रूटाइप आणि ओपनटाइप फॉन्टला वरची पद्धत बिनधास्त वापरा. पण कोणाकडे अजून मॅकचे जुने पोस्टस्क्रिप्ट टाइप वन फॉन्ट असतील तर थांबा. त्या फॉन्टचा सगळा मालच त्या चिकटलेल्या भागात, म्हणजे रिसोर्स फोर्कमध्ये असतो, मुख्य फाइल शून्य बाइटची. जास्तीची माहिती काढून झिप केलीत तर समोर नाव पोचेल, फॉन्ट पोचणार नाही. झिपची यादी काढल्यावर फॉन्टसमोर शून्य दिसलं की समजायचं. तसंही ॲडोबीने जानेवारी २०२३ पासून टाइप वनचा सपोर्ट बंद केलाय, त्यामुळे अशा जाहिराती किंवा जुनी शीर्षकं असतील तर मी ती आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचे आकार बनवून, किंवा फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ करूनच पाठवते.

पेनड्राइव्ह थेट द्यायचा असेल, झिप न करता, तर डॉट_क्लीन नावाची कमांड मॅकमध्येच आहे. डॉट, अंडरस्कोर, क्लीन, सगळं लहान लिपीत आणि एकत्र, स्पेस, हायफन लहान एम, स्पेस, आणि पेनड्राइव्हचा आयकॉन ओढून टर्मिनलमध्ये सोडायचा. ._ फाइली जातात. त्यानंतर पेनड्राइव्ह फाइंडरमध्ये उघडून बघत बसू नका, सरळ इजेक्ट करा. अख्खा पेनड्राइव्ह झिप करायची सवय असेल तर तीही सोडा, त्याच्या मुळाशी स्पॉटलाइटचा, कचरापेटीचा असे लपलेले फोल्डर असतात, तेही आत जातात, आणि कचरापेटीत तुम्ही डिलीट केलेल्या फाइली असू शकतात. आतला हवा तो फोल्डरच घ्या.

ऑफिसात सामायिक नेटवर्क ड्राइव्ह असेल तर तिथे .डीएस_स्टोअर लिहू नकोस असं फाइंडरला कायमचं सांगायची सोय आहे, डिफॉल्ट्स राइट कमांडने, त्या सेटिंगचं नाव डीएस डोन्ट राइट नेटवर्क स्टोअर्स, सगळे शब्द जोडून. ते ट्रू केलं आणि एकदा लॉगआउट करून आलं की लागू होतं. पण हे फक्त नेटवर्क ड्राइव्हपुरतं, मॅकच्या स्वतःच्या डिस्कला नाही.

लिनक्स सर्व्हरवर टारची, म्हणजे झिपसारखीच, गाठोडी पाठवणाऱ्यांना हाच त्रास वेगळ्या रूपात होतो, तिथे सोडवताना अनोळखी हेडर म्हणून इशाऱ्यांची रांग लागते किंवा ._ फाइली पडतात. मॅकवर टार करताना कमांडच्या आधी त्याच ओळीत कॉपीफाइल_डिसेबल=१ लिहायचं, नाव पूर्ण कॅपिटल आणि आकडा इंग्रजी, शिवाय टारला नो-एक्सॲटर्स आणि एक्सक्लूडमध्ये .डीएस_स्टोअर द्यायचं, शांतता होते.

ज्यांच्याकडे अशी झिप आलीय आणि पाठवणाऱ्याला परत त्रास द्यायचा नाहीये त्यांच्यासाठी, __मॅकओएसएक्स फोल्डर खुशाल डिलीट करा, विंडोजवर त्याचा काहीही उपयोग नाही. सेव्हन-झिपमध्ये झिप नुसती उघडली, सोडवली नाही, तरी आतला तो फोल्डर निवडून डिलीट करता येतो. आणि फोटो करप्ट वाटले तर आधी नावाच्या सुरुवातीला टिंब-अंडरस्कोर आहे का आणि साइज एक केबी आहे का एवढं बघा, मगच समोरच्याला फोन करा.

मराठी नावांबद्दल एक राहिलं. देवनागरी नावाच्या फाइली मॅकवर झिप केल्या की काही विंडोज मशिनांवर नावांच्या जागी निव्वळ चिन्हांचा कचरा येतो. लपलेल्या फाइलींशी याचा संबंध नाही पण तक्रार एकत्रच येते म्हणून सांगते. आणि आपल्या "किनाऱ्यावर" मधला जो अर्धा ऱ आहे तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एकसंध ऱ किंवा र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क नावं मोडूनच ठेवायची, म्हणजे दुसऱ्या प्रकाराने. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण दुसऱ्या मशिनवर इनडिझाइनला लिंक सापडत नाही. म्हणून अंकाच्या फाइलींना मी आता इंग्रजी अक्षरांत नावं देते, आधी पान नंबर, मग लेखकाचं आडनाव.

या वर्षीच्या पहिल्या अंकाची झिप गेल्या आठवड्यात पाठवली. पाठवायच्या आधी यादी काढली, तीन फोल्डर, एकशे बारा फाइली, एकही टिंबवाली नाही, त्या यादीचा स्क्रीनशॉट झिपच्या लिंकखाली दादांना टाकला आणि लिहिलं की सोडवल्यावर एवढ्याच दिसल्या पाहिजेत. वीस मिनिटांत त्यांचा मेसेज आला, "एकशे बारा बरोबर, फॉन्ट पण लागले, प्लेटला घेतो."